तळपायाचा सातबारा



गेल्या महिन्यात मसोलीतील आमच्या घराजवळच्या सभागृहात आरोग्य शिबिर भरले होते. रक्तदाब मोजण्याच्या टेबलाशेजारी एक मोठा रंगीत तक्ता टांगलेला होता. त्यावर दोन तळपाय होते आणि त्यांवर लाल, पिवळ्या, हिरव्या ठिपक्यांनी यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड, हृदय दाखविलेले होते. तक्त्याखाली ठळक अक्षरांत लिहिले होते की ही इजिप्तची पाच हजार वर्षांची विद्या आहे. शेजारी वाटल्या जाणाऱ्या पत्रकात तीच विद्या आपल्या ऋषिमुनींनी जगाला दिलेली होती, आणि पत्रक उलटले की मागील पानावर ती चीनमधून आलेली होती.

एकाच जमिनीवर तीन मालकांची नावे दिसली की बँकेतून निवृत्त झालेल्या माणसालाही स्वस्थ बसवत नाही. माझी उमेदीची वर्षे कर्जप्रकरणे तपासण्यात गेली. सातबारा पाहायचा, फेरफार पाहायचे, वकिलाचा सर्च रिपोर्ट वाचायचा आणि मगच सही करायची, ही सवय आता हाडीमांसी भिनली आहे. म्हणून या तळपायाच्या विद्येचा, म्हणजे रिफ्लेक्सॉलॉजीचा, सातबारा काढायचे मी ठरविले. केवळ कुतूहल हे त्याचे कारण नव्हते. खरे कारण पुढे ओघात येईलच.

प्रथम इजिप्त. तेथील सक्कारा या दफनभूमीत तेती राजाच्या पिरॅमिडजवळ अंखमाहोर नावाच्या एका उच्चाधिकाऱ्याची कबर आहे. सहाव्या राजवंशाचा हा काळ, म्हणजे आजपासून सुमारे ४३०० वर्षांपूर्वीचा. १८९७ साली ती उजेडात आली. तिच्या एका दारातील कोरीव चित्रात दोन माणसे बसलेली असून दोन सेवक त्यांच्या हातापायांवर काही काम करीत आहेत. रिफ्लेक्सॉलॉजीच्या बहुतेक सर्व पुस्तकांत हे चित्र छापलेले असते आणि त्याच्या पपायरसवरील नकला पर्यटकांना विकल्या जातात. चित्रावर लेखही आहे. दुखवू नकोस, असे बसलेला माणूस सांगतो आणि तुम्ही प्रशंसा कराल असेच करतो, असे सेवक उत्तर देतो, असा त्याचा साधारण आशय आहे.

आता या दस्तऐवजाची छाननी करू. या कबरीला वैद्याची कबर म्हणतात खरे, परंतु अंखमाहोर वैद्य नव्हता, तो राजाचा वजीर होता. त्याच दारात सुंतेचे दृश्य कोरलेले आहे, त्यावरून हे नाव पडले. हातापायांच्या चित्राविषयी अनेक अभ्यासकांचे मत असे आहे की ते नखे कापण्याचे व हातपाय साफ करण्याचे दृश्य असावे. यात नवल वाटण्याचे कारण नाही. सक्काऱ्यातच, याहून थोडी आधीची, न्यांखख्नुम आणि ख्नुमहोतेप या दोघांची कबर आहे. राजवाड्यातील नखे कापणाऱ्यांचे अधीक्षक, हे त्या दोघांचे अधिकृत पद होते आणि ते त्यांनी अभिमानाने भिंतीवर कोरून घेतले आहे. ज्या दरबारात नखे कापण्यासाठी स्वतंत्र खाते होते, तेथे ते दृश्य एखाद्या वजिराच्या कबरीत येणे स्वाभाविकच. फार तर असे म्हणता येईल की कोणाचा तरी दुखरा पाय कोणीतरी हळुवार हातांनी चोळीत होता. परंतु अंगठा दाबला की डोके बरे होते आणि टाच दाबली की कंबर, असे त्या भिंतीवर कोठेही लिहिलेले नाही. दुखवू नकोस, ही विनंती तर आमच्या केशकर्तनालयातही रोज ऐकू येते.

चीनचा दावा अधिक वजनदार आहे. १९७३ साली हुनान प्रांतातील मावांगदुई येथे एक थडगे उघडण्यात आले. ते इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद झालेले होते. त्यात रेशमावर लिहिलेली वैद्यकाची हस्तलिखिते सापडली. पायापासून आणि हातापासून निघणाऱ्या अकरा वाहिन्यांचे वर्णन त्यांपैकी एकात आहे, आणि त्या वाहिन्यांच्या विकारांवर डाग देण्याचे उपचार आहेत. पुढील काळातील ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथात वाहिन्यांची ही कल्पना विस्ताराने मांडली गेली. तळपायाच्या पुढच्या खळग्यात योंगछुआन, म्हणजे उसळणारा झरा, नावाचे एक स्थान चिनी वैद्य मानतात आणि मूत्रपिंडाची वाहिनी तेथून निघते असे सांगतात. येथे पायाचा व इंद्रियाचा संबंध निःसंशय जोडलेला आहे. पण गणित करून पाहा. अॅक्युपंक्चरच्या प्रमाणित यादीत मुख्य वाहिन्यांवर ३६१ स्थाने आहेत आणि त्यांपैकी तळपायाच्या पृष्ठावर पडते ते केवळ एक. आमच्या शिबिरातील तक्त्यावर मी मोजले, एका पायावर तीसहून अधिक ठिपके होते. उरलेले ठिपके चिनी जमिनीवर दाखविता येत नाहीत.

आता आपल्या घरी येऊ. येथे मला थोडे रेंगाळावेसे वाटते.

तळपायाची आग मस्तकाला गेली, असे आपण रागाच्या भरात म्हणतो. पाय आणि डोके यांच्यामध्ये काही वाट आहे, ही समजूत भाषेतच मुरलेली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पादाभ्यंगाचे, म्हणजे पायांना तेल लावून चोळण्याचे, गुण सांगितले आहेत. पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा व बधिरपणा जातो, पायांना बळ येते, भेगा पडत नाहीत आणि दृष्टी प्रसन्न राहते, असे चरक म्हणतात. वाग्भटांच्या ‘अष्टांगहृदया’त रोजच्या अभ्यंगात डोके, कान व पाय यांवर विशेष भर दिलेला आहे, आणि त्याच ग्रंथाच्या नेत्ररोगांच्या भागात पायांच्या मध्यातून दोन मोठ्या शिरा डोळ्यांपर्यंत जातात असे स्पष्ट विधान आहे. म्हणून डोळ्यांचे हित इच्छिणाऱ्याने पायांना तेल लावावे, ते धुवावेत व पादत्राणे वापरावीत, असा त्यांचा उपदेश. आजचे शरीरशास्त्र अशा शिरा मान्य करीत नाही, ही गोष्ट वेगळी; परंतु प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून हा कागद अस्सल आहे. मात्र त्यावर नोंद आहे ती पाय आणि डोळे या एका नात्याची. यकृत, प्लीहा, स्वादुपिंड यांचे वाटे त्यात पाडलेले नाहीत.

सुश्रुतांनी सांगितलेल्या १०७ मर्मांपैकी तलहृदय हे मर्म तळपायाच्या मध्यभागी आहे, म्हणून तेही हल्ली दाबण्याच्या जागांत मोजतात. सुश्रुतांचा हेतू नेमका उलट होता. मर्मे म्हणजे ज्या ठिकाणी घाव लागला तर जीव धोक्यात येतो ती स्थाने, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याने ती सांभाळावीत यासाठी ही यादी केलेली आहे. धोक्याच्या पाटीचा आपण दिशादर्शक फलक केला.

पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन ऐकणाऱ्या वाचकांना सिद्धार्थ राजाच्या सकाळीचे वर्णन आठवेल. स्वप्नांचे फल विचारण्यापूर्वी राजा व्यायामशाळेत जातो, तेथे शतपाक व सहस्रपाक तेलांनी कुशल मर्दनकार त्याचे अंग मर्दन करतात, आणि ते मर्दन हाडांना, मांसाला, त्वचेला व रोमांना सुखकारक असते असे म्हटले आहे. याहून मौलिक पुरावा आचारांगाच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात आहे. कोणी गृहस्थ साधूचे पाय पुसू लागला, चेपू लागला, त्यांना तेल किंवा तूप लावू लागला, लोध्राच्या चूर्णाने चोळू लागला, तर साधूने त्यात गोडी मानू नये, असे तेथे एकामागून एक क्रिया मोजून सांगितले आहे. दशवैकालिकातील साधूंना वर्ज्य गोष्टींच्या यादीतही अंग चेपून घेणे आहेच. बँकेत निषेधाचे परिपत्रक आले की आम्ही समजत असू, ही गोष्ट शाखाशाखांतून सर्रास चालू असणार. अनवाणी विहार करून आलेल्या साधूंचे पाय पाहून त्या काळच्या श्रावकांनाही राहवले नसणार. मुंबईहून गुजरातकडे निघालेले साधुसाध्वी चारोटी-तळासरीच्या महामार्गाच्या कडेने चालताना मी दरवर्षी पाहतो. त्या पायांकडे पाहिले की तो तपशील शब्दशः खरा वाटतो. थकलेल्या साधूची सेवा ही वैयावृत्य म्हणून आभ्यंतर तपात गणली गेली, ती उगीच नव्हे.

पादुकांविषयी एक खुलासा येथेच करतो, कारण पत्रकात विष्णुपदाचे चित्रही छापलेले होते. चक्र, शंख, मत्स्य, कमळ ही चिन्हे असलेली पाउले भारतात आहेत, तशी जपानमध्येही आहेत. नारा येथील याकुशीजी मंदिरात ७५३ सालची बुद्धपाउलांची शिळा आहे. ही चिन्हे महापुरुषाच्या लक्षणांची व मांगल्याची आहेत. सम्मेतशिखरच्या टोकांवर पादुकांसमोर मस्तक ठेवणाऱ्या कोणालाही तेथे मूत्रपिंडाचा बिंदू शोधण्याची बुद्धी झालेली मी ऐकलेली नाही.

आणि काशाची वाटी! माझ्या लहानपणी दिवसभर दुकानात उभे राहून आजोबांचे पाय भरून येत. रात्री आजी पितळी समईच्या उजेडात त्यांच्या तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासत असे. कासे म्हणजे साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील; कासार हा शब्द त्यावरूनच आला. डोळ्यांची जळजळ थांबते, झोप लागते, एवढेच आजी म्हणत असे. नकळत ती वाग्भटांचाच आधार सांगत होती. आजोबा पाच-दहा मिनिटांत घोरू लागत, हा पुरावा मी स्वतः पाहिलेला आहे.

मग तीस-चाळीस ठिपक्यांचा तो तक्ता कोणाचा? त्याचा मूळ दस्त अमेरिकेत सापडतो, आणि तो जेमतेम शंभर वर्षांचा आहे. लंडनच्या हेन्री हेड या वैद्याने १८९३ साली असे दाखविले की आतील इंद्रिय आजारी असताना त्वचेचा ठरावीक पट्टा हुळहुळा होतो. त्यानंतर कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथील विल्यम फिट्झजेराल्ड या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले. हाताच्या बोटांना रबरी पट्ट्या आवळून किंवा धातूची फणी मुठीत दाबून त्या पट्ट्यातील वेदना कमी होते, असे त्यांचे म्हणणे होते. १९१७ साली एडविन बॉवर्स यांच्यासह त्यांनी झोन थेरपीवर पुस्तक लिहिले. याच परंपरेतील युनिस इंगम या अंगमर्दन-उपचार करणाऱ्या बाईंनी सारे लक्ष पायांवर केंद्रित केले, पायांवर शरीराचा नकाशा मांडला आणि १९३८ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. अंगठा म्हणजे डोके, आतली कमान म्हणजे कणा, ही वाटणी या घराण्याची. पुढे तैवानमध्ये राहणारे स्विस धर्मोपदेशक जोसेफ ओग्स्टर यांनी ती पूर्वेकडे लोकप्रिय केली, आणि मग ती पूर्वेची प्राचीन विद्या म्हणून आपल्याकडे आली. बाजारात असे नेहमीच घडते. नव्या मालाला जुन्या पेढीचे नाव लावले की उठाव चांगला होतो.

नवे म्हणून ते खोटे, असे मी म्हणणार नाही. पेनिसिलीनही नवेच आहे. नव्या मालाची मात्र परीक्षा होते. २००९ साली एडझार्ड अर्न्स्ट यांनी तोवर झालेल्या १८ नियंत्रित चाचण्यांचा एकत्र विचार केला. कोणत्याही रोगावर ही पद्धत खात्रीने गुणकारी ठरते, असे त्यांतून दिसले नाही. पाय चोळल्याने बरे वाटते, शीण जातो, याला कोणाचा विरोध नाही. ठिपक्यांच्या निरनिराळ्या तक्त्यांत हृदयाची जागा देखील एक नाही, हे तर कोणीही दोन तक्ते शेजारी ठेवून पाहावे.

आता ते कारण सांगतो. माझे चुलतबंधू, ज्यांना आम्ही सारे मोठेभाऊ म्हणतो, यांचे तळासरीकडे किराणा मालाचे दुकान आहे. अठरा वर्षांचा मधुमेह. चार वर्षांपूर्वी ते एका गृहस्थांकडे पाय दाबून घेण्यासाठी जाऊ लागले. पायाच्या कमानीवरचा एक बिंदू स्वादुपिंडाचा आहे आणि तो दुखतो म्हणजे स्वादुपिंड बिघडलेले आहे, असे त्यांना सांगण्यात आले. पहिल्या दिवशी लाकडी काडीने तेथे दाबल्यावर मोठेभाऊ कळवळले. चार महिन्यांनी त्यांचा मला दूरध्वनी आला. आवाजात इतका आनंद मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. “अरे, आता कितीही दाबले तरी दुखत नाही. स्वादुपिंड सुधारले म्हणाले.” मी म्हटले, “फारच छान, मोठेभाऊ. चालू ठेवा.”

हे वाक्य मी उच्चारले. कोणताही कागद न पाहता.

दिवाळीत चोपडापूजनाच्या दिवशी वहिनींना दुकानाच्या ओट्यावर रक्ताचे ठसे दिसले. चपलेतून वर आलेला खिळा मोठ्याभाऊंच्या पायात रुतलेला होता. केव्हापासून, ते त्यांना सांगता येईना, कारण त्यांना तो लागलाच नव्हता. जखम आत चिघळली होती. वापीच्या रुग्णालयात डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून नायलॉनच्या एका जाड धाग्याने त्यांच्या तळपायाला दहा ठिकाणी स्पर्श केला. एकाही ठिकाणी त्यांना तो कळला नाही. स्वादुपिंडाच्या बिंदूवरही नाही. बिंदू दुखायचा थांबला तो स्वादुपिंड बरे झाले म्हणून नव्हे, तर साखरेने पायाच्या नसा मारल्या म्हणून. तक्त्याच्या हिशेबात जी जमा धरली गेली, ती वस्तुतः नावे बाजूची रक्कम होती. दोन बोटे काढावी लागली.

पाय दाबणाऱ्या त्या गृहस्थांना मी ठक म्हणणार नाही. त्यांचा स्वतःचाही त्या तक्त्यावर पूर्ण विश्वास होता, आणि त्यावर छापलेल्या पाच हजार वर्षांवर तर अधिकच. मोठेभाऊ देखील कच्चे व्यापारी नव्हेत. तांदळाचे पोते उघडून हात घातल्याशिवाय त्यांनी कधी सौदा केलेला नाही. पण पाच हजार वर्षे म्हटले की आपण पोते उघडीत नाही.

हल्ली शहरांतून काशाची फिरती थाळी बसविलेली यंत्रे आली आहेत. थाळीवर तूप वा तेल लावून पाय ठेवले की काही मिनिटांत तळपाय काळे होतात आणि शरीरातील विष बाहेर आले असे सांगितले जाते. शिबिरातही असे एक यंत्र होते आणि त्यापुढे मोठी रांग होती. आमच्या सौभाग्यवती रांगेकडे पाहून एवढेच म्हणाल्या, “तांब्यापितळेची भांडी घासताना माझे फडके रोज काळे होते, त्याच्या अंगात कुठले विष?” धातू घासला की त्याचे सूक्ष्म कण स्निग्ध पदार्थात मिसळून काळपट लेप तयार होतो. आजीच्या वाटीनेही आजोबांचे पाय काळे होत. ती ते कोमट पाण्याने धुऊन टाकी आणि त्यावर भाष्य करीत नसे. रांगेतील निम्म्याहून अधिक मंडळी पन्नाशीपुढची होती. त्यांपैकी कितीजणांना मधुमेह असेल आणि कितीजणांच्या पायांना स्पर्श कळत असेल, हे यंत्र चालविणाऱ्याने कोणालाही विचारले नाही. मी त्यांना जाऊन तसे सांगितले. त्यांनी माझे ऐकून घेतले, मान डोलावली आणि पुढच्या ग्राहकाला बसविले.

मोठेभाऊ आता बरे आहेत. दुकानात बसतात, साखर आटोक्यात आहे. परवा त्यांच्याकडे गेलो होतो. रात्री दुकान बंद झाल्यावर वहिनींनी त्यांचे पाय मांडीवर घेतले. आधी मोबाइलच्या उजेडात त्यांनी उरलेल्या बोटांच्या बेचक्या एकेक करून पाहिल्या, टाचेखाली छोटा आरसा धरला, मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बेचक्या सोडून हलक्या हाताने खोबरेल लावले. मोठेभाऊ म्हणाले, “तुझा हात कळत नाही मला, पण तू बसलीस की झोप येते.” काशाची वाटी फडताळात आहे, ती आता त्यांच्या पायाला लावायची नाही. वहिनींनी एका जुन्या चोपडीत पायांचा रोजमेळ ठेवला आहे. तारीख, डावा, उजवा. मी पाहिला त्या दिवशीच्या ओळीत डाव्या पायापुढे “टाचेला बारीक भेग, उद्या दाखवणे” असे लिहिलेले होते.